जुन्या घराचा रंग खरवडण्याआधी : अमेरिकेतील शिसेयुक्त रंगाचे नियम, खबरदारी आणि खर्च

बोस्टनच्या आसपास जुने घर घेताना कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात एक कागद हमखास समोर येतो. घरातील रंगात शिसे आहे की नाही, याची आपल्याला माहिती नाही, अशा अर्थाच्या चौकोनात विक्रेत्याने खूण केलेली असते, आणि दहा दिवसांत तपासणी करून घेण्याचा आपला हक्क आपण सोडत आहोत, या वाक्याखाली खरेदीदाराची सही मागितलेली असते. आम्हीही ती सही केली. घर १९२६ सालचे, लाकडी, दुमजली आणि भाव चढता. तपासणीचा आग्रह धरणाऱ्याचा देकार मागे पडतो असे दलालाने सांगितले, आणि त्या बाजारात ते खोटे नव्हते.

चूक त्या सहीत नव्हती, ती पुढे झाली. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचे दार घट्ट बसू लागले म्हणून दीड वर्षाने एका कारागिराला बोलावले. त्याने चौकटीची कड विजेच्या सँडरने जेमतेम वीस मिनिटे घासली, खाली पडलेला भुगा झाडूने गोळा केला आणि पैसे घेऊन तो गेला. माझ्या आईने, त्या वेळी ती पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, उरलेली बारीक भुकटी आपल्या सोबत आणलेल्या केरसुणीने स्वच्छ काढली. दोन महिन्यांनी मुलीच्या नेहमीच्या तपासणीत रक्तातील शिसे डेसिलिटरमागे ६ मायक्रोग्रॅम निघाले. आदल्या वर्षी ते मोजण्याइतकेही नव्हते. त्या वीस मिनिटांच्या आधी आम्हाला जे माहीत असायला हवे होते, ते येथे लिहिले आहे. केंद्रीय नियम साऱ्या अमेरिकेला लागू आहेत. राज्याचे म्हणून जे सांगितले आहे, ते मॅसॅच्युसेट्सचे आहे.

खरे भय धुळीचे

भिंतीवर घट्ट बसलेला, न फुगलेला, न तडकलेला शिसेयुक्त रंग त्या क्षणी कोणाला इजा करत नाही. इजा करते ती त्याची धूळ, आणि ती किती थोड्या रंगातून किती होते, हे एकदा हिशेब मांडून पाहिले तरच पटते.

चौरस सेंटिमीटरमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असले की कायद्याच्या दृष्टीने तो रंग शिसेयुक्त ठरतो. एक चौरस फूट म्हणजे साधारण ९३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे व्याख्येच्या अगदी काठावरच्या रंगाचा एक चौरस फूट घासून भुगा केला, तर त्यातून ९३० मिलिग्रॅम शिसे मोकळे होते. दहा बाय दहाच्या खोलीत ते सारखे पसरले, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटावर ९,३०० मायक्रोग्रॅम शिसे बसेल. आता दुसरा आकडा पाहावा. शिसे काढण्याचे काम संपून साफसफाई झाल्यावर जमिनीवर किती शिसे राहिलेले चालेल, याची केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ऑक्टोबर २०२४ मध्ये ठरवलेली मर्यादा चौरस फुटाला ५ मायक्रोग्रॅम आहे. खिडकीच्या सिलसाठी, म्हणजे तळाच्या आडव्या फळीसाठी, ती ४० आणि तावदान जिथे येऊन बसते त्या खोबणीसाठी १०० आहे. वर्तमानपत्राच्या दुमडलेल्या पानाएवढ्या रंगातून साऱ्या खोलीभर या मर्यादेच्या अठराशे पटींहून अधिक शिसे पसरते आणि त्या धुळीतील बराचसा भाग डोळ्यांना दिसतही नाही.

रांगणारे मूल दिवसभर जमिनीवर हात टेकते आणि तेच हात तोंडात घालते. त्याचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त शिसे शोषून घेते आणि घडत असलेल्या मेंदूवर झालेला परिणाम नंतर पुसता येत नाही. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२१ मध्ये डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी ठेवली, ती ज्या मुलांकडे आधी लक्ष द्यावे ती ओळखण्यासाठी. तिच्या खाली सारे आलबेल, असा तिचा अर्थ नाही. गर्भवती स्त्रीनेही अशा धुळीपासून दूरच राहावे, कारण शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

घरात शिसे आहे का, हे कसे ओळखावे

घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. बाल्टिमोरने घरांच्या आतील वापरासाठी ती १९५१ मध्येच घातली होती आणि न्यू यॉर्क शहराने १९६० मध्ये, परंतु देशभराचे वर्ष १९७८ हेच. ईपीएच्या अंदाजाप्रमाणे १९४० पूर्वीच्या १०० घरांपैकी ८७ घरांत, १९४० ते १९५९ मधील ६९ घरांत आणि १९६० ते १९७७ मधील २४ घरांत कुठे ना कुठे शिसेयुक्त रंग सापडतो. तेव्हा घर १९४० च्या आधीचे असेल, तर तपासणीने नाही असे सिद्ध होईपर्यंत शिसे आहे असे धरूनच चालावे. वर चार थर नवा रंग असल्याने काही फरक पडत नाही, कारण सँडर थर मोजत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये घर घेण्याआधीच करता येण्याजोगी एक बिनखर्चाची गोष्ट आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला, की त्या घराची शिशाची तपासणी पूर्वी कधी झाली होती का आणि तिचा निकाल काय लागला, हे पाहता येते. आम्हाला हे खरेदीनंतर तीन वर्षांनी कळले.

प्रत्यक्ष तपासणीचे तीन मार्ग आहेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा रंग बदलणारा चाचणीसंच सर्वांत स्वस्त, पण सर्वांत कमी भरवशाचा. तो वरचा थर पाहतो आणि खालचे थर राहून जातात, म्हणून चाचणीपूर्वी धारदार पात्याने लाकडापर्यंत खाच पाडावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे सर्व थरांसह रंगाचा तुकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणे. एकाच खिडकीची किंवा एकाच दाराची शंका असेल, तर हा मार्ग पुरेसा आहे. तिसरा मार्ग परवानाधारक तपासनिसाचा. तो एक्सआरएफ नावाचे पिस्तुलासारखे यंत्र प्रत्येक पृष्ठभागावर काही क्षण टेकवतो आणि रंगाला धक्का न लावता आतील शिसे मोजतो.

आमच्याकडे हे काम साडेतीन तास चालले. दिवाणखान्याच्या भिंतीवर यंत्राने चौरस सेंटिमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम दाखवले, छतावर ०.०, आणि मी सुटकेचा श्वास टाकत असतानाच खिडकीच्या चौकटीवर आकडा ९.४ झाला. जिन्याच्या कठड्यावर ६.२, पोर्चच्या खांबावर ११ आणि ज्या न्हाणीघराच्या दारापासून सारे सुरू झाले, त्याच्या चौकटीवर ७.८. भिंतींच्या चुन्याच्या गिलाव्यावर नंतरच्या काळातला साधा रंग होता. शिसे होते ते लाकडावर, कारण टिकाऊ आणि ओल न धरणारा म्हणून शिशाचा तेलरंग पूर्वी मुद्दाम लाकूडकामासाठी वापरत. त्यामुळे तपासणीचे पैसे मोजकेच असतील, तर भिंती मागे ठेवून लाकूड आधी तपासावे.

त्यातही खिडक्या पहिल्या. जुन्या घरांतील तावदाने चौकटीतून वर-खाली सरकतात, आणि प्रत्येक वेळी रंगावर रंग घासून खोबणीत बारीक पूड साठते. घरात कोणतेही काम चालू नसले, तरी ही खिडकी रोज थोडी धूळ तयार करत असते. दारांच्या घासणाऱ्या कडा, जिन्याच्या पायऱ्या आणि पोर्चची फळ्यांची जमीन यांचेही तसेच.

तपासणीच्या बाबतीत एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. एकदा शिसे आहे असे कागदावर आले, की पुढे घर विकताना ते खरेदीदाराला सांगणे कायद्याने बंधनकारक होते, म्हणून अनेक जण मुद्दाम तपासणीच करत नाहीत. घरात लहान मूल नसेल आणि तोडफोडही करायची नसेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. मूल असेल, तर मात्र या हिशेबाला माझ्या मते काही अर्थ उरत नाही.

दोन वेगळे नियम, दोन वेगळी कामे

येथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिला नियम केंद्रीय आहे आणि कॉन्ट्रॅक्टर मंडळी त्याला ‘आरआरपी’ म्हणतात. दुरुस्ती, नूतनीकरण आणि रंगकाम करताना शिशाची धूळ पसरू न देणे, एवढाच त्याचा हेतू आहे; शिसे काढून टाकणे हा नाही. २००८ मध्ये तो जाहीर झाला आणि २२ एप्रिल २०१० पासून पूर्णपणे लागू झाला. १९७८ पूर्वीच्या घरात मोबदला घेऊन रंगाला धक्का लावणाऱ्या प्रत्येकाला, मग तो रंगारी असो, सुतार असो, प्लंबर असो की खिडक्या बसवणारा, हा नियम लागू होतो. अशा व्यावसायिकाकडे प्रमाणपत्र हवे आणि त्याच्या किमान एका माणसाने आठ तासांचे प्रशिक्षण घेतलेले हवे. मॅसॅच्युसेट्स हा कार्यक्रम स्वतः चालवते, त्यामुळे येथे राज्याच्या कामगार मानक विभागाचा परवाना पाहावा. ज्या राज्यांनी तो स्वतःकडे घेतलेला नाही, तेथे ईपीएचे प्रमाणपत्र.

किरकोळ कामाला सूट आहे. घराच्या आत एका खोलीत ६ चौरस फुटांपर्यंत आणि बाहेरच्या बाजूस २० चौरस फुटांपर्यंत रंगाला धक्का लागत असेल, तर नियम लागू होत नाही. या सुटीचा आधार घेऊन ‘एवढ्याशा कामाला काय होते’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. खिडकी बदलण्याला आणि रंगवलेला भाग पाडून टाकण्याला ही सूट नाही, मग ते काम कितीही लहान असो. तीस दिवसांच्या आत त्याच खोलीत केलेली कामे एकत्र मोजायची असतात. आणि मनाई असलेली पद्धत वापरली, तर सूट उरतच नाही. आमच्या दाराची कड अर्ध्या चौरस फुटाहून अधिक नव्हती, तरी धूळ ओढून घेणाऱ्या जोडणीशिवाय सँडर चालवला त्याच क्षणी ते काम या सुटीबाहेर गेले होते.

दुसरे काम म्हणजे ‘डीलेडिंग’, अर्थात शिशाचा धोका कायमचा काढून टाकणे. मॅसॅच्युसेट्सचा हा कायदा १९७१ पासूनचा आहे आणि देशातील कडक कायद्यांपैकी एक आहे. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर शिशाचे धोके दूर करण्याची जबाबदारी मालकावर आहे, घर स्वतः राहण्याचे असो की भाड्याने दिलेले. काम पूर्ण होऊन फेरतपासणीत घर उत्तीर्ण झाले, की तपासनीस अनुपालनाचे पत्र देतो. हे पत्र घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावे, कारण पुढचा खरेदीदार पहिल्यांदा तेच मागतो.

डीलेडिंग झाले म्हणजे घरातील सारे शिसे गेले, असा मात्र समज करून घेऊ नये. घासणारे भाग, मुलाच्या हाताला आणि तोंडाला लागणारे भाग आणि पोपडे सुटलेले भाग यांवरच काम होते. उंचावरचा शाबूत रंग तसाच राहतो. त्यामुळे पत्र मिळाल्यानंतरही स्वयंपाकघर पाडायचे झाले, तर आरआरपीचे नियम पुन्हा लागू होतात.

न्यू जर्सीत घर भाड्याने देणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एवढे सांगतो, की तेथे जुलै २०२२ पासून १९७८ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशाच्या धोक्यासाठी ठरावीक काळाने आणि भाडेकरू बदलताना तपासणी करावी लागते.

काम देताना काय विचारावे

‘तुमच्याकडे परवाना आहे का’ या प्रश्नाला सगळेच होकार देतात. परवान्याचा क्रमांक लिहून घ्यावा आणि सरकारी यादीत पडताळून पाहावा. त्यानंतर, कोणता व्हॅक्यूम वापरता, असे विचारावे. हेपा, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणाऱ्या, गाळणीच्या व्हॅक्यूमचे नाव ज्याला चटकन सांगता येत नाही आणि ज्याला ‘शॉप-व्हॅक चालतो’ असे वाटते, त्याला तेथेच नमस्कार करावा; साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत फेकतो. कोटेशनमध्ये शिशाच्या खबरदारीची ओळ वेगळी मागावी. ती नसेल, तर एकतर खबरदारी नाही किंवा तिचा खर्च दुसरीकडे लपवलेला आहे, आणि दोन्ही वाईट.

प्रशिक्षण घेतलेला माणूस कोण आणि तो केव्हा हजर असेल, हेही विचारावे. तो सतत हजर असणे सक्तीचे नाही, परंतु सूचनाफलक लावताना, प्लास्टिक बांधताना आणि शेवटची साफसफाई होताना तो तेथे असलाच पाहिजे. काम सुरू होण्यापूर्वी साठ दिवसांच्या आत ईपीएची पुस्तिका हाती देऊन पोच घेणे कॉन्ट्रॅक्टरवर बंधनकारक आहे. ज्याने पुस्तिकाच दिली नाही, तो प्लास्टिक बांधेल असा भरवसा मी धरणार नाही.

कामाच्या दिवशी

घरात काम असेल, तर कामाच्या जागेपासून सहा फुटांपर्यंतच्या जमिनीवर प्लास्टिक पसरून कडा टेपने चिकटवलेल्या असाव्यात. हवा खेळवणाऱ्या नळांची तोंडे बंद, दार प्लास्टिकच्या पडद्याने झाकलेले आणि सामान बाहेर काढलेले किंवा गुंडाळलेले असावे. बाहेरच्या भिंतीचे काम असेल, तर जमिनीवर दहा फुटांपर्यंत प्लास्टिक, आणि वीस फुटांच्या आतील दारे-खिडक्या बंद. शेजाऱ्याची हद्द दहा फुटांच्या आत असेल, तर उभा पडदाही लागतो. दाट वस्तीत तो जवळजवळ नेहमीच लागतो, आणि बाहेरचे काम महाग होते ते यामुळे.

रंग ओला करूनच खरवडला पाहिजे. ज्वालेने जाळणे, १,१०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून गरम हवेचे यंत्र वापरणे आणि हेपा जोडणीशिवाय सँडर किंवा ग्राइंडर चालवणे, या तीन गोष्टींना सरळ मनाई आहे. यांपैकी एखादी दिसली, तर काम थांबवण्यास सांगण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो वापरताना संकोच करू नये. आपल्याकडची माणसे येथे भिडेला बळी पडतात. आम्हीही पडलो, कारागीर सँडर चालवत असताना मी त्याला चहा विचारत होतो.

साफसफाईचा क्रम ठरलेला आहे. आधी प्लास्टिकवर पाणी फवारून ते आतल्या बाजूने घडी घालत गुंडाळावे आणि जाड पिशवीत बांधावे, मग वरून खाली हेपा व्हॅक्यूम, त्यानंतर ओल्या फडक्याने पुसणे. शेवटी ओले पांढरे फडके जमिनीवर फिरवून त्याचा रंग एका छापील कार्डाशी ताडून पाहिला जातो. एका फडक्याला जास्तीत जास्त ४० चौरस फूट जमीन. ही चाचणी नियमात बसते, पण फडके पांढरे दिसणे म्हणजे शिसे नसणे नव्हे. म्हणून लहान मूल असलेल्या घरी मी आणखी एक खर्च हमखास करायला सांगेन, तो म्हणजे कॉन्ट्रॅक्टरशी संबंध नसलेल्या तपासनिसाकडून धुळीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवणे. निकाल येईपर्यंत मूल त्या खोलीत जाऊ देऊ नये आणि शेवटचा हप्ताही देऊ नये.

स्वतः करायचे झाल्यास

मालक स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करत असेल, तर त्याला केंद्रीय आरआरपी नियम लागू होत नाही. भाड्याने दिलेल्या घराला ही सूट नाही. मॅसॅच्युसेट्सच्या डीलेडिंगच्या कायद्यात मात्र मालकाला हवे ते करता येत नाही. दारे काढून नेणे, विशिष्ट आवरणरंग लावणे, पृष्ठभाग झाकणे यांसारखी कमी जोखमीची कामे पुस्तिका वाचून आणि घरी सोडवायची परीक्षा उत्तीर्ण होऊन करता येतात, तीही तपासनिसाचा अहवाल हाती आल्यानंतर. खिडक्या आणि लाकूडकाम काढण्यासारख्या मध्यम जोखमीच्या कामांसाठी वर्ग करावा लागतो. रंग खरवडून काढणे परवानाधारकाचेच काम आहे. परवानगीविना केलेले काम बेकायदा ठरते आणि अनुपालनाच्या पत्राच्या वाटेत आड येते.

एखादी फळी काढणे किंवा दाराची कड जुळवणे एवढेच असेल, तर सहा मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचे प्लास्टिक, टेप, पाण्याची फवारणी, पी-१०० गाळणीचा मुखवटा, टाकून देता येईल असा अंगरखा आणि हेपा व्हॅक्यूम एवढ्यावर भागते. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मुखवटा येथे कुचकामी. पॉलिश पेपर वापरायचाच असेल, तर पाण्यात चालणारा घ्यावा आणि सतत ओला ठेवावा. रंग उतरवण्याच्या द्रावणात मिथिलिन क्लोराईड नसल्याची खात्री करावी. सामान्य ग्राहकांना तशी द्रावणे विकण्यावर २०१९ पासून बंदी आहे, परंतु तळघरात पूर्वीच्या मालकाचा जुना डबा सापडू शकतो. काम झाल्यावर कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत आणि केस धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये.

आणि केर काढू नये. ओले फडके, बादली, पुन्हा ओले फडके. आईला हे पटायला वेळ लागला; न झाडता नुसतीच लादी पुसणे तिच्या लेखी अर्धवट काम होते. चपला दाराबाहेर काढण्याची आपली सवय मात्र अशा घरात खरोखरीच उपयोगी पडते, कारण अंगणातील माती त्यामुळे बाहेरच राहते.

खर्च

खाली दिलेले आकडे आमच्या बिलांतील आहेत. दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून त्यांचे एकमेकांशी प्रमाण पाहावे. संपूर्ण घराच्या तपासणीला ५२५ डॉलर लागले. चौदा खिडक्या बदलून, जिना आणि दारांच्या कडा यांसह केलेल्या डीलेडिंगला २१,८०० डॉलर. फेरतपासणी आणि धुळीच्या नमुन्यांना ३८०. अधिक जोखमीचे काम चालू असताना आणि घर उत्तीर्ण होईपर्यंत कुटुंबाला तेथे राहता येत नाही, म्हणून नऊ रात्रींच्या भाड्याच्या जागेचे १,३५०. हा खर्च कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. एकूण २४,०५५ डॉलर झाले.

यातून राज्याच्या आयकरात पूर्ण डीलेडिंगसाठी प्रत्येक निवासामागे ३,००० डॉलरपर्यंत थेट सवलत मिळते आणि तात्पुरत्या नियंत्रणासाठी १,००० डॉलरपर्यंत. २०२३ च्या करवर्षापासून दुप्पट होऊन या रकमा एवढ्या झाल्या आहेत. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना मासहाउसिंग या राज्याच्या गृहवित्त संस्थेच्या ‘गेट द लेड आउट’ योजनेतून कर्जही मिळू शकते. अर्ज काम सुरू होण्याआधी करावा.

पैसे एकदम नसतील, तर खिडक्या आधी कराव्यात. नव्या खिडक्यांनी थंडीतील हीटिंगचे बिलही उतरते, त्यामुळे हा खर्च घरच्यांना समजावून देणे सोपे जाते. शाबूत भिंती, छत आणि पिक्चर रेल (तसबिरी टांगण्याची भिंतीवरची उंच पट्टी) यांना हात न लावणे, हीच सर्वांत मोठी बचत.

आरआरपीचा खर्च याच्या मानाने किरकोळ आहे. २००८ साली नियम करताना ईपीएने दर कामामागे ८ ते १६७ डॉलर जादा लागतील असा अंदाज केला होता. कोणत्याही कॉन्ट्रॅक्टरला तो आकडा सांगून पाहावा, तो हसतो. आमच्या स्वयंपाकघराच्या ३८,००० डॉलरच्या कामात या ओळीसमोर १,१५० होते, म्हणजे सुमारे तीन टक्के. त्या दाराच्या कडेवर असे शे-दीडशे डॉलर जास्त गेले असते.

अंगण आणि मसाल्याचा डबा

बाहेरच्या भिंतीचा रंग शंभर वर्षे झडून पायाजवळच्या मातीत मुरलेला असतो. मुलांच्या खेळण्याच्या उघड्या मातीसाठी ईपीएने धोक्याची पातळी ४०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४०० भाग, ठरवलेली आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील माती परीक्षण प्रयोगशाळेत थोड्या पैशांत मातीतील शिशाचे प्रमाणही कळते. निकाल येईपर्यंत मेथी, कोथिंबीर आणि मुळा घराच्या भिंतीलगत लावू नये. विकतची माती भरलेल्या वाफ्यात किंवा कुंडीत लावावे.

मुलाच्या रक्तात शिसे निघाले, की डॉक्टर आपल्यासारख्यांना हळद, काजळ, शेंदूर आणि आयुर्वेदिक औषधांविषयीही विचारतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये. खरा शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे आणि हळदीचा रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेटची भेसळ झाल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. गावाहून आणलेली सुटी हळद आणि देव्हाऱ्यातील शेंदराची डबी आम्ही तपासनिसालाच दाखवली. शेंदराचा आकडा यंत्राच्या पडद्यावर मावला नाही. हळद निर्दोष निघाली. शेंदूर त्या दिवसापासून मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर, बंद डबीत आहे.

रक्ताची तपासणी मॅसॅच्युसेट्समध्ये ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, आणि पुन्हा दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी होतेच. नूतनीकरण ठरले असेल, तर काम सुरू होण्यापूर्वी एक आणि संपल्यानंतर महिना-दीड महिन्याने एक अशी जादा तपासणी डॉक्टरांकडून मागून घ्यावी. बोटाला टोचून घेतलेल्या नमुन्यात हातावरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून तो वाढलेला आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असले, की शिसे कमी शोषले जाते, हेही डॉक्टरांनी सांगितले. आमच्या मुलीचा आकडा खिडक्या बदलल्यानंतर आठ महिन्यांनी २ वर आला, आणि पुढची तपासणी येत्या मार्चमध्ये आहे.